सोलापूरच्या थाई खानावळीत मी खोटं बोलले

"सोलापूरला थाई जेवायला जायचं? मग हुरडा खायला बँकॉकला जाऊ," असं अविनाश म्हणाला आणि माझं जायचं नक्की झालं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालीत. नवऱ्यानं एखाद्या बेताला नाक मुरडलं की तो बेत तडीस न्यायचाच, या नेमावर आमच्या निम्म्या सहली झाल्या आहेत आणि त्या तुम्ही इथे वाचल्याही आहेत.

निमित्त होतं याच ब्लॉगच्या एका वाचक बाईंच्या निरोपाचं. त्यांनी एका ताटाचा फोटो पाठवला होता. स्टीलचं ताट, वाटीत नारळाच्या दुधातली हिरवीगार करी, तिच्यात छोटी गोल वांगी, शेजारी मोकळा भात आणि चक्क कडक भाकरी. खाली लिहिलं होतं, "अशोक चौकाच्या मागे, गल्लीत. बाई बारा वर्षं बँकॉकला होत्या. सगळं शाकाहारी. जाऊन या, पण लवकर जा." लवकर का, ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

ही पोस्ट दोन महिने उशिरा येते आहे. एरवी मी बॅग रिकामी करायच्या आधी लिहायला बसते, धुण्याचा ढीग तसाच पडून राहतो आणि त्यावरून घरात बोलणीही खाते. या वेळी धुणं झालं, इस्त्री झाली, कपाटं आवरून झाली, तरी लिहायला बसवेना. आता लिहिते आहे, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते मनातून जाणार नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही पुणं सोडलं. सोलापूर अडीचशे किलोमीटर, रस्ता चारपदरी, मध्ये थांबत गेलं तरी पाच तासांत पोचता येतं. टोलनाके बरेच आहेत, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशीच बघा. आम्ही बघितलं नव्हतं आणि पहिल्याच नाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न खाल्ले. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला मिळतात. आम्ही गाडीतूनच लांबून काहीतरी गुलाबी दिसल्यासारखं वाटून घेतलं आणि पोहे खायला थांबलो. पोहे बरे होते.

एक सूचना मात्र मनापासून. हंगामात इंदापूरच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर दुमजली घराएवढा ऊस, मागे दिव्याचा पत्ता नाही, आणि आत गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की तुमचा हॉर्न चालवणाऱ्याच्या कानावरच जात नाही. ओव्हरटेक करायची घाई करू नका. अविनाशनं केली, आणि टेंभुर्णीपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही.

टेंभुर्णीच्या चौकात चहाला उतरलो तेव्हा अबोला सुटला. चहावाल्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं. अविनाशनं मुद्दाम मोठ्या आवाजात सांगितलं, "सोलापूरला. थाई जेवायला."

"थाई म्हंजे त्ये नूडल का?" चहावाला म्हणाला. "त्यापायी पुण्यास्नं आलाय व्हय तुमी?"

"ही आलीय. मी नुसता ड्रायव्हर."

"मग बरोबर हाय," चहावाला म्हणाला आणि ड्रायव्हरचा चहा फुकट दिला. अविनाश ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतो.

मला थाई जेवणातलं किती कळतं, तेही आत्ताच कबूल करून टाकते. आम्ही बँकॉक-पटाया केलं आहे. सहा रात्री, सात दिवस, पुण्याच्याच एका टूर कंपनीबरोबर. कंपनीनं सोबत आपला महाराज नेला होता. सकाळी उपमा, दुपारी वरणभात-बटाट्याची भाजी, रात्री पुऱ्या, आणि शेवटच्या दिवशी पुरणपोळी. थाई जेवण मी त्या सात दिवसांत दोनदा खाल्लं, तेही हॉटेलसमोरच्या गाडीवर, ग्रुप लीडरची नजर चुकवून. पण आल्यापासून मी "आम्ही बँकॉकला असताना" असं वाक्य सुरू करते ते कुणाला थांबवू देत नाही. या सवयीनं पुढे घात केला.

अकराच्या सुमाराला सोलापुरात पोचलो. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत, गाडीला जागा आहे. एक वाजता अशोक चौकाच्या मागची गल्ली शोधत निघालो. हा भाग विणकरांचा. घरं बुटकी, दारांत रांगोळ्या, बाया दारातून दारात तेलुगूत बोलतात आणि दर चार घरांमागे एखाद्या शेडमधून मागाची खटखट चालू असते. एका शेडवर हातानं रंगवलेली पाटी दिसली, "ललिता थाई खानावळ, शुद्ध शाकाहारी". खाली जेवणाच्या वेळा आणि एक फोन नंबर.

आत पूर्वी माग होते. माग विकले, पण त्यांचे बोल्ट जिथे जमिनीत बसवले होते त्या जागा सिमेंट भरूनही दिसतात. आता तिथे चार टेबलं आहेत. सोळा माणसं बसतील. शनिवारची दुपार असून आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं, आणि तेही उठायच्या बेतात. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक साठी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, मांडीवर पाण्याचा रिकामा जग. ते नरसय्याअण्णा, खानावळवाल्या बाईंचे यजमान. माग त्यांचेच होते.

"बसा की. भितीवरच्या पाटीवर हाय ते सगळं मिळंल," ते म्हणाले.

पाटीवर सहा पदार्थ होते. थाळी घेतली तर सगळ्यांतलं थोडं थोडं येतं, माणशी दोनशे वीस. आम्ही थाळ्याच सांगितल्या. आतून दगडी खलात काहीतरी कुटल्याचा आवाज यायला लागला, आणि मग ते पहिलं सॅलड आलं. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, लिंबू, गूळ, हिरवी मिरची, हे सगळं त्या खलात ठेचलेलं, आणि वर सोलापूरचे भाजलेले शेंगदाणे. बँकॉकच्या गाडीवर मी हेच खाल्लं होतं. फरक एवढाच की इथे त्यात कडक भाकरीचे तुकडे होते, आणि ते आंबटतिखट पाणी पिऊन अर्धवट मऊ झाले होते. मी पहिला घास घेतला आणि अविनाशकडे बघितलं. तो माझ्या ताटलीतलंही संपवायला लागला. त्याच्याकडून याहून मोठी कबुली मिळत नसते.

मग शेंगाचटणी आणि चिंचेतल्या नूडल्स. त्याही फक्कड. आणि मग ती फोटोतली हिरवी करी. दिसायला फोटोपेक्षा सुंदर. गवती चहाचा आणि लिंबाच्या पानांचा वास वाटी टेबलावर यायच्या आधीच आमच्यापर्यंत पोचला होता. मी भातावर ओतली, घास घेतला, आणि थांबले.

खारट होती. जरा जास्त वगैरे नाही. समुद्राचं पाणी नाकातोंडात गेल्यावर होतं तसं झालं मला. अविनाशनं घास गिळला, पाणी प्यायला, आणि मान खाली घालून जेवायला लागला. मीही जेवले. आमच्या घरी दोन गोष्टी लहानपणीच पाठीत धपाटे घालून शिकवलेल्या. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, आणि ताटात टाकायचं नाही. भात परत मागवला, करी त्यात कालवून कालवून पातळ केली आणि वाटी पुसून स्वच्छ केली. नरसय्याअण्णा न सांगता दोनदा जग भरून ठेवून गेले.

शेवटी हुग्गी आली. हुग्गी म्हणजे इकडची खपली गव्हाची गुळातली खीर, पण हिच्यात दुधाऐवजी नारळाचं दूध आणि वरून आंबट अननसाची एक फोड. असं गोड मी कुठेच खाल्लेलं नाही. तिनं तोंडातला सगळा खारटपणा धुऊन काढला.

हुग्गीची वाटी घेऊन ललिताक्का स्वतः बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, नऊवारीवर ऍप्रन. एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला म्हणून बँकॉकला गेल्या होत्या, आणि शेजारच्या एका थाई म्हातारीकडून हे सगळं शिकल्या. बोलता बोलता समोरच बसल्या.

"आमच्यात चुलीपाशी चव बघत न्हाईत," त्या म्हणाल्या. "देवाला दाखवायच्या आधी उष्टं होतं की. आईनं मला नुसतं वासावर शिकवलं. मीठ लागलं का न्हाई त्ये वाफेवरनं सांगायची मी. अन् ती म्हातारी म्हणायची, चमचा तोंडात घाल, चव बघितल्याबिगर ह्ये जेवण होतच न्हाई. नारळाचं दूध रोज येगळं, मिरची रोज येगळी. तीन महिने ऐकलं न्हाई मी. मग एक दिवस बघितली चव. लई रडले त्या दिवशी. आईला फसवल्यावानी झालं."

मग आजाराचं सांगितलं. मागच्या वर्षी त्यांना ताप आला होता. ताप गेला, पण वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. सहा महिने तोंडात काही घातलं तरी कागद चावल्यासारखं लागायचं. सॅलड, नूडल्स, हुग्गी यांची मापं हाताला पाठ आहेत, त्यामुळे ती बिघडत नाहीत. करी मात्र चवीवरच करायची असते. आता हळूहळू चव परत येते आहे असं त्यांना वाटत होतं, पण खात्री नव्हती. गिऱ्हाईक कमी झालंय, एवढं दिसत होतं. वाचक बाईंनी 'लवकर जा' का लिहिलं, ते मला तेव्हा कळलं.

"गल्लीतल्या कुणाला विचारावं तर सगळी म्हणत्यात लई भारी. तोंडावर कोण सांगतंय? अन् ह्यांना विचारून उपेग न्हाई. ह्यांना डॉक्टरनं मीठ बंद केलंय, तर ह्यांना समदंच खारट."

"महिना झाला सांगतोय, खारट होतंय," खुर्चीवरून अण्णा म्हणाले.

"बघा!" अक्का हसल्या.

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. टेंभुर्णीच्या बाजूला हायवेवर हॉटेल असलेले एक शेठ दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, घरच्यांना घेऊन जेवायला येणार होते. त्यांना हॉटेलात थाई जेवणाचं वेगळं स्वयंपाकघर काढायचं होतं. जेवण पसंत पडलं तर ते अक्कांच्या हातात देणार, आणि मदतीला गल्लीतल्या चार बायका अक्कांनी निवडायच्या. माग गेल्यापासून त्या चौघी घरीच बसून होत्या. अक्कांनी त्यांना शब्द दिला होता.

"शेठ म्हणलेत, घाई न्हाई, महिन्यानं आलो तरी चालंल. म्हणून तुमाला विचारते. तुमी तिकडचं खाल्लंय. माझी जीभ आली नसंल तर मी आत्ता फोन करून पुढं ढकलते." त्यांनी माझा हात धरला. "ताई, खरं सांगा. करी कशी झाली?"

बँकॉकचं मीच अण्णांना सांगितलं होतं, नूडल्स येईपर्यंत तीनदा, आणि ते आत ऐकू गेलं होतं. एक शब्द बोलायचा होता. खारट. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी फोन केला असता, शेठ महिनाभर थांबले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. मला हे तेव्हाही कळत होतं. पण जेवून उठताना समोरच्या बाईच्या तोंडावर जेवणाला नाव ठेवायचं, हे माझ्या तोंडातून निघेना. त्यांचा हात गरम होता आणि बोटांना गवती चहाचा वास होता. मनात आलं, तिकडं असंच खात असतील, आपल्यालाच सवय नाही. स्वतःला असं फसवायला मला वेळ लागत नाही.

"अक्का, अगदी बँकॉकसारखी," मी म्हणाले.

नुसतं छान म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी वर बँकॉकचा शिक्का मारला.

त्यांनी माझ्यासमोरच्या पुसलेल्या वाटीकडे बघितलं, मग अविनाशच्या वाटीकडे. डोळे भरून आले त्यांचे. "विन्नारा?" त्या नवऱ्याला तेलुगूत म्हणाल्या. ऐकलंत का? अण्णांनी टेबलावरचा जग उचलला, तो पुन्हा रिकामा झाला होता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेले.

गाडीत बसल्यावर अविनाश म्हणाला, "ती करी खारट होती ना गं?"

"हो."

"मग तू तसं का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मला कुठं विचारलं? मी ड्रायव्हर."

मला हसू आलं नाही. संध्याकाळी आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. देवळापर्यंत जाणारी वाट पाण्यातून जाते, सूर्य मावळताना तिथे बसायलाच हवं. नव्या पेठेत शेंगाचटणी घेतली, दोन चादरी घेतल्या. हे सगळं मी तुम्हाला सविस्तर सांगायला हवं, कारण सोलापूरला लोक त्यासाठीच जातात, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी सबंध वेळ उद्या सकाळी जाऊन सांगायची वाक्यं जुळवत होते. 'अक्का, काल जरा मीठ जास्त वाटलं हं.' 'अक्का, आमच्या ह्यांना बीपी आहे म्हणून लक्षात आलं.' अविनाशला बीपी नाही. खरं सांगायलासुद्धा मी खोटंच शोधत होते.

रविवारी सकाळी नऊला परत त्या गल्लीत गेलो. दारात भली मोठी रांगोळी, चौकटीला झेंडूची माळ. टेबलांवर नव्या चादरी अंथरल्या होत्या, गल्लीतल्याच मागावरच्या. आत चार बायका कांदे चिरत, खोबरं खवत बसल्या होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या. अक्कांनी मला बघितलं आणि बाहेर धावत आल्या. आज जरीची साडी होती.

"ह्या त्या ताई!" त्यांनी बायकांना सांगितलं. "ह्यांनी सांगितलं म्हणून धीर आला बगा मला."

चौघींनी माझ्याकडे बघितलं. एकीनं हात पुसून कॉफी आणून दिली. सोलापुरातल्या तेलुगू घरांत कॉफी चांगली मिळते. आतून करीच्या वाटणाचा वास येत होता. मीठ अजून पडलं नसावं, किंवा पडलंही असेल. अण्णा खुर्चीवर बसले होते. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मला अगदी स्पष्ट कळत होतं की ते वाट बघताहेत.

मी कॉफी प्यायले. म्हटलं, "सहज आले होते, शुभेच्छा द्यायला."

अण्णांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. अक्कांनी मला हळदीकुंकू लावलं, गवती चहाची एक जुडी हातात दिली आणि म्हणाल्या, "पुन्यांदा याल तवा टेंभुर्णीलाच उतरा, इतक्या लांब यायला नको." मी गाडीत येऊन बसले. अविनाशनं गाडी सुरू केली. मोहोळपर्यंत मी रडत होते.

पुण्यात आल्यावर आठ दिवस मी फोनला हात लावला नाही. मग लावला, तोही निमित्त काढून. खानावळ कुठल्या वारी बंद असते ते पोस्टसाठी विचारायचं राहिलं होतं. पाटीवरचा नंबर मी फोटोतून काढला होता. अक्कांनीच उचलला.

"मंगळवारी बंद असतंय," त्या म्हणाल्या. मग मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "त्यांचं काय जमलं न्हाई ताई."

शेठ आले होते, आठ माणसं घेऊन. सगळ्यांनी छान आहे, छान आहे म्हटलं. निघताना नमस्कार करून गेले. पण आठच्या आठ करीच्या वाट्या भरलेल्या परत आल्या. "मला चव कळंना, पण वाटी भरलेली हाय का रिकामी त्ये तर कळतंय की," अक्का म्हणाल्या. चार दिवसांनी निरोप आला, त्यांनी पुण्याहून आचारी ठरवला.

माझ्या तोंडून नुसतं 'अरेरे' निघालं. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं म्हणून. त्याच माझी समजूत घालायला लागल्या.

"तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमच्या दिवशी चांगली झालती की, तुमी दोघांनी वाटी पुसून खाल्ली. रविवारीच माझा हात चुकला. आता म्या काय केलंय, शनिवारी किती मीठ घातलतं त्ये आठवून आठवून माप काढलंय. चमच्यानं मोजून रोज तेवढंच घालते."

मी स्वयंपाकघरात उभी होते. अविनाश बाहेर टीव्ही बघत होता. मला अजूनही पळून जाता आलं असतं, फोन ठेवून देता आला असता. या एका बाबतीत मी तसं केलं नाही, पण त्याचं श्रेय मी घेत नाही. फार उशीर झाला होता.

"अक्का," मी म्हणाले, "शनिवारची करी खारट होती. खूप खारट होती. मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

पलीकडे लांब कुठेतरी मागाची खटखट ऐकू येत होती.

"कळलं हुतं व्हय," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी करता आलं असतं. "मग रविवारी सकाळी पण तुमाला ठावं हुतं."

"हो."

"ह्ये सांगत हुते की ताई मला. महिनाभर सांगत हुते." नवऱ्याबद्दल म्हणत होत्या त्या. "मी तुमचं ऐकलं. बरं, ठेवते. गॅसवर ठेवलंय."

त्यानंतर आमचं बोलणं नाही. मी दोनदा निरोप पाठवला, माफी मागितली. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. त्या चौघींचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायचा हक्कही मी घालवला आहे. अविनाश म्हणतो, तू सांगितलं असतंस तरी शेठनं पुण्याचाच आचारी घेतला असता. तो माझ्यावर माया करतो म्हणून असं म्हणतो, आणि मी आता असल्या मायेच्या बोलण्याला भ्यायला लागले आहे.

मागच्या आठवड्यात त्या वाचक बाई पुन्हा तिथे जेवून आल्या. त्यांनी कळवलंय की करीत मीठ आता बरोबर असतं. वाटी आधी अण्णांच्या हातात जाते, ते जरा खारट म्हणाले की बरोबर झालं असं धरतात. गिऱ्हाईक थोडं वाढलंय. पण अक्का आता बाहेर येऊन बसत नाहीत, करी कशी झाली म्हणून कुणाला विचारतही नाहीत. ताटं उचलतात आणि आत जातात.

तुम्ही जरूर जा. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात जाऊन येता येतं, पण एक मुक्काम करा, तळ्यावर संध्याकाळी बसा. थाळीच घ्या, हुग्गी दोनदा मागा. करी जशी लागेल तशी अक्कांना आपणहून सांगा, त्या विचारणार नाहीत. आणि हा ब्लॉग वाचून आलो, असं मात्र सांगू नका.